सॅटेलाइटवरून शेतातली ओल, आठ महिने वापरल्यावर

सांवेरकडे काकांची नऊ बिघे काळी जमीन आहे, मी इंदूरला, रोज जाणं होत नाही म्हणून जूनपासून नासाच्या स्मॅप या मातीची ओल मोजणाऱ्या सॅटेलाइटचा डेटा बघतोय. 2015 पासूनचा सगळा फुकट मिळतो, दोन-तीन दिवसांनी नवा आकडा येतो.

पण तो आपल्या शेताचा आकडा नाही हे आधीच समजून घ्या. बारीक केलेला डेटा घेतला तरी एक चौकोन 9 किलोमीटरचा, त्यात शेत, गाव, नाला, मुरमाड टेकडी सगळं आलं, आणि ओल कळते ती फक्त वरच्या 5 सेंटीमीटरची. एक पैसे भरायचं ॲप घेतलं होतं, त्यात आमचं शेत बांधासकट हिरवंगार, म्हणजे ओलं, दिसायचं. डिसेंबरात काका बाहेरगावी होते, मी फोनवर सांगितलं ओल आहे, थांबा, आणि गव्हाचं पेरणीनंतर 21 दिवसांनी द्यायचं पाणी लांबलं. आजूबाजूला पाणी दिलेलं, म्हणून अख्खा चौकोन ओला, आमचं शेत कोरडं. ते पाणी चुकवायचं नसतं हो, अजून वाईट वाटतं.

मग उपयोग कशाचा, तर पाऊस थांबल्यावर आकडा किती हळू उतरतो त्याचा, जमीन पाणी किती धरते ते त्यातच दिसतं. ऑगस्टच्या उघडिपीत मी सकाळीच जाऊन वरची माती डब्यात भरून आणायचो, स्मॅपची एक फेरी सहाच्या सुमाराची असते. पहिल्या दिवशी 100 ग्राम माती 105 डिग्रीवर पूर्ण वाळवून 76 ग्राम राहिली, म्हणजे वाळलेल्या मातीच्या मानाने जवळपास 32 टक्के पाणी. हा टक्का वजनाचा, सॅटेलाइटचा आकारमानाचा, सरळ जुळवू नका. उतार मात्र बराच जुळला.

शेतातला फरक बघायला सेंटिनेल-1 हा युरोपचा रडार सॅटेलाइट आहे, 10 मीटरचे ठिपके, पण सोयाबीन दाटलं की पानंच दिसतात आणि वखर फिरला की ढेकळांमुळे आकडा बदलतो. काढणीनंतर मोकळ्या रानात टेकडीकडची पट्टी दर वेळी आधी सुकलेली दिसली, खणलं तर हातभरावर मुरूम! तिथे यंदा हरभरा घातला, छान आहे.

वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, अजूनही काका मूठ वळूनच बघतात, आणि तेच बरोबर आहे. जुलै 2025 मध्ये निसार हा नासा-इस्रोचा रडार सॅटेलाइट वर गेलाय, त्याचा एल-बँड, म्हणजे जास्त लांब लहरींचा रडार, पानांतून जास्त आत जातो, पुढच्या सोयाबीनला तो लावून बघणार.