जुन्या ट्रकचे हेडलाइट: एलईडी की रिले?

24 व्होल्टच्या जुन्या ट्रकचा उजेड मंदावला की गॅरेजवाला आधी एलईडी बल्बच पुढे करतो. वीज कमी खातो, बसवायला सोपा, गॅरेजच्या भिंतीवर तर लख्ख. पण जुना रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड नेमका तिथून निघाला नाही, तर रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आंबोली घाटातल्या धुक्यात मग पुढे पांढरी भिंतच.

दुसरा मार्ग: हॅलोजन तोच, वायरिंग रिलेची. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. मूळ वायरिंगमध्ये करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज पडतं. त्यात आपली किनाऱ्याकडची खारी हवा. अर्थचा बोल्ट, म्हणजे करंट परत नेणारी वायर ट्रकच्या बॉडीला जोडलेली असते तो, उघडून बघा, गंजाचे पापुद्रे निघतील. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के जातो! म्हणून बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेला, स्विचकडे फक्त रिले चालू-बंद करण्याचं काम. अर्थ घासून नव्याने आवळायचा.

मी रिलेच्या बाजूने. मात्र 75/70 वॅटच्या (हाय बीम/लो बीम) जागी जास्त वॅटचा बल्ब कोंबू नका, होल्डर वितळतो. आणि रिफ्लेक्टरची चांदीच उडाली असेल तर दोन्ही खर्च पाण्यात. आधी हेडलाइट नवा घ्या.