काउंटर ८७ वर अडकला: हाताने फिरवायच्या डाउनरिगरचा दीड हंगामाचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि सातव्या ईमेलचं उत्तर यायचंय. पण मुलांकडे कॅनडाला जाऊन छोट्या बोटीतून सॅमनवर ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासेमारी, करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे वाचावं. खास करून ज्यांना वाटतं की हाताने फिरवायचा डाउनरिगर स्वस्तात पडतो.

डाउनरिगर म्हणजे बोटीच्या कडेला बसवायचं, गळ हव्या त्या खोलीवर नेणारं मशीन. दांडा, ढोल, हँडल, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा, गोळ्यावर क्लिप आणि क्लिपमध्ये आपली लाइन. मासा लागला की लाइन क्लिपमधून सुटते, गोळा खालीच राहतो आणि मासा थेट रॉडवर येतो. कल्पना इतकी साधी की पाहताक्षणी आवडली. आणि ढोलाच्या बाजूला ते छोटं काळं काउंटर, किती फूट तार सोडली ते दाखवणारं. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला आकडा दाखवणारी वस्तू दिसली की तो तिच्यावर विश्वास ठेवतो. तिथेच मी फसलो.

मी नाशिकचा. सातपूरला एकतीस वर्षं नोकरी, आता निवृत्त. चिरंजीव नानाइमोला असतात, व्हँकुव्हर बेटावर. गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर सौभाग्यवती आणि मी तिकडे होतो. त्याने जुनी १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली होती, २० हॉर्सपॉवरचं इंजिन. बोट चालवायचं कार्ड त्याच्याकडे, मासे धरायचा परवाना त्याचा नि माझा वेगवेगळा. पर्यटकाला परवाना महाग पडतो, वर सॅमन घरी न्यायचा तर त्याचा स्टँप निराळा. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे फेब्रुवारीत वर्षाचा परवाना काढणारा माणूस पैसे समुद्रात टाकतो.

पहिले तीन आठवडे एक मासा नाही. दोष मशीनचा नव्हता, वेगाचा होता. चिनूक जातीच्या सॅमनला साधारण दोन ते अडीच नॉट्स चालतात, कोहो जातीच्या सॅमनला थोडं जास्त. आमचं इंजिन गिअरमध्ये टाकलं की तीनच्या वर. फ्लॅशर, म्हणजे माशाला खेचायला गळाच्या पुढे बांधायची चकाकती पट्टी, खाली सोडायच्या आधी बोटीच्या कडेला धरून बघायचा असतो, तो आरामात लोळायला हवा. आमचा पंख्यासारखा गरगरत होता. लोक वेग कमी करायला पाण्यात ओढायची कापडी पिशवी घेतात. दुकानातली किंमत बघून मी घरी आलो, गॅरेजमधला रंगाचा रिकामा डबा घेतला, बुडाला चार भोकं पाडली आणि दोरीने मागे बांधला. दोन पॉइंट तीन नॉट्स. खर्च शून्य. शेजारच्या बोटीवरची मंडळी हसली, पण त्यांच्या पिशवीने डब्यापेक्षा वेगळं काही केलं नसतं.

आता काउंटर.

पहिल्या महिन्यातच संशय आला. साउंडरवर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, तळ १०५ फूट, काउंटर ९० वर, तरी गोळा आपटल्याचा दणका रॉडच्या टोकाला जाणवला. तिथे खडक वर आलेला असणार, हे मला सुचायला हवं होतं. पण डोक्यात भुंगा शिरला. दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या रस्त्यावर सगळी तार सोडली आणि नाशिकहून नेलेल्या स्टीलच्या टेपने मोजली. काउंटर १००, टेप ९६. पुन्हा मोजली. ९६. सूनबाई खिडकीतून बघत होत्या, बाबांना काय झालंय म्हणून.

कारण सरळ आहे. हे काउंटर लांबी मोजत नाही, ढोलाचे फेरे मोजतं. तार गुंडाळलेली असताना ढोल जाड असतो, एका फेऱ्यात जास्त तार सुटते. तार संपत जाते तसा ढोल बारीक होतो, फेरा तोच पण तार कमी. लेथवर बसलेल्या पोराला हे कळतं, मग कंपनीतल्या इंजिनिअरला का कळू नये? मी पहिली ईमेल पाठवली. चार टक्क्यांची चूक, वर आकृती काढून. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.

महिनाभर मी हे चार फूट धरून बसलो होतो. काउंटरवर जो आकडा हवा त्यात चार टक्के मिळवून वाढवायचं, पाठच करून टाकलं होतं. मग धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याला सांगितलं, पंच्याहत्तरी पार केलेला माणूस, लहानपणापासून त्याच पाण्यात. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या मशीनच्या तारेकडे बोट दाखवलं. तार सरळ खाली जातच नव्हती. बोट पुढे चालते, पाणी गोळ्याला मागे ढकलतं, तार तिरकी होते. उभ्या रेषेपासून तीस अंश तिरकी झाली तर शंभर फुटांची खोली ८७ राहते. पंचेचाळीस अंश झाली तर ७१. मी चार फुटांसाठी भांडत होतो आणि प्रवाह माझे पंचवीस-तीस फूट खात होता.

उपाय दोन. एक, गोळा जड करणं. आम्ही दहा पौंडांचा वापरत होतो, बारा पौंडांचा घेतला. दोन, भरती-ओहोटीचा जोर असेल तेव्हा प्रवाहाच्या विरुद्ध झुंजत बसायचं नाही, त्याच्यासोबत जायचं, आणि पाणी पालटायच्या आधीचा नि नंतरचा अर्धा तास हातातून सोडायचा नाही. साउंडरचा सेन्सर मागे असेल तर गोळा स्वतःच पडद्यावर रेघ म्हणून दिसतो. ती रेघ खरी, काउंटर खोटा.

बारा पौंडांच्या गोळ्याबद्दल एक तक्रार, मशीनची नाही, दुकानाची. पंचेचाळीस डॉलर. साडेपाच किलो शिसं! आपल्याकडे भंगारात शिसं काय भावाने जातं ते माहीत असलेल्या माणसाने ही किंमत दिली, आणि तिसऱ्याच दिवशी गॅब्रिओला बेटाच्या टोकाला दीपगृहाजवळ गोळा खडकात अडकून तुटला. त्या रात्री मी जेवलो नाही.

मासे लागले तेव्हा लागले. पहिला कोहो तीन किलोचा. माझी चूक अशी की क्लिपमधून लाइन सुटली की ती सैल पडते, आणि मी घाबरून रॉडला झटका देत बसलो. तसं नाही. आधी रीळ भराभर फिरवून ढील गोळा करायची, वजन जाणवलं की मग रॉड उचलायचा. तिथे सॅमनला उलटा काटा नसलेला गळच वापरावा लागतो, त्यामुळे लाइन क्षणभर सैल पडली तरी मासा गेला. एकदा सील या समुद्री प्राण्याने आमच्या डोळ्यांदेखत गळावरचा मासा ओढून नेला; वर आलं ते फक्त डोकं.

ओळखायचं कसं? चिनूकच्या खालच्या जबड्यात हिरड्या काळ्या, कोहोच्या पांढऱ्या. हे बघायलाच हवं, कारण नानाइमोच्या पाण्यात ६२ सेंटीमीटरपेक्षा लहान चिनूक परत सोडावा लागतो आणि मोठा ठेवला तर तिथल्या तिथे परवान्यावर नोंद. कोहोच्या शेपटीच्या अलीकडे पाठीवर छोटा मांसल पर असतो. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला, आणि बऱ्याच ठिकाणी तसलाच ठेवता येतो. चिनूक कोणत्या भागात कधी ठेवता येतो हे तारखेवर बदलतं. फ्रेझर नदीचे मासे वाचवायला २०१९ पासून नियम कडक झालेत. निघायच्या आदल्या रात्री बघायचं, महिन्यापूर्वीचं वाचलेलं चालत नाही.

सौभाग्यवतींचं मत विचारलंत तर सॅमन म्हणजे रावस नव्हे. हॉटेलवाले रावसाला इंडियन सॅमन म्हणतात ते नुसतं नावाला, दोघांचं कूळही वेगळं. रव्यात तळला तर स्वतःचंच तेल सोडतो आणि घरभर वास. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मात्र चांगला लागला. नातवाने भाताबरोबर दोनदा घेतला.

सप्टेंबरच्या शेवटी काउंटर ८७ वर अडकलं. तीस अंशांचा हिशोब आठवून म्हाताऱ्याला काय हसू आलं! आत मिठाचे खडे जमले होते, काउंटरची चाकं जाम, आणि ढोलाकडून फेरा घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे तीन दाते गायब. कंपनीची आजीवन वॉरंटी फ्रेमवर. काउंटर हा म्हणे झिजणारा भाग. सुटा गिअर मिळत नाही, अख्खं काउंटर घ्या, साठ डॉलर, पाठवणी वेगळी. नखाएवढ्या प्लॅस्टिकसाठी! मी लिहिलं, मला फक्त गिअर द्या. ते लिहितात, तो सुटा विकत नाही. मी लिहिलं, मग त्याचं ड्रॉइंग द्या. त्यावर काहीच नाही.

ऑक्टोबरमध्ये गिअर खिशात घालून नाशिकला आलो. व्हर्निअर लावला: दाते अठरा, बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर. व्यासाला दाते अधिक दोनने भागायचं, मॉड्यूल, म्हणजे दात्याचं माप, ०.८ आलं. अंबडला माझ्याबरोबर काम केलेल्या एकाचं छोटं शॉप आहे. शनिवारी गेलो तर बंद, सोमवारी पुन्हा. त्याने गिअर उजेडात धरला आणि म्हणाला, "साहेब, हा प्लॅस्टिकचा कशाला करता, पितळेत काढतो, तुमची बोट बुडेल पण हा झिजणार नाही." टपरीवरचा चहा येईपर्यंत पितळेची गोळी चकमध्ये होती. दोन तुकडे, साडेतीनशे रुपये, तेही मी जबरदस्तीने दिले. सोन्यासारखा चकाकत होता. गंगापूर रोडच्या ओळखीतल्या एकांची मुलगी व्हँकुव्हरला जात होती, तिच्यापाशी पाठवला. मे महिन्यात चिरंजीवांनी बसवला, व्हिडिओ कॉलवर मी बघत होतो. मिठाचे खडे काढून चाकं मोकळी केली आणि काउंटर फिरलं. शून्यावर आणलं, पुन्हा शंभरला ९६.

इथपर्यंतचा मजकूर जूनमध्ये लिहिला होता आणि शेवटी लिहिलं होतं, कंपनीला लाज वाटली पाहिजे, अंबडचा गिअर कंपनीपेक्षा सरस. ते वाक्य आता काढलं.

जुलैच्या अखेरीस काउंटर पुन्हा जाम झालं, तसंच मीठ. पण या वेळी गिअरचा दाता तुटला नाही, पितळ कसला तुटतोय. ढोलाने जोर लावला, पितळेने तो जोर पुढे दिला आणि काउंटरच्या आतली पातळ सळई मोडली. त्या प्लॅस्टिकच्या गिअरचं कामच तुटायचं होतं. घरातल्या फ्यूजसारखं. मी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातली होती. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढून हे सुचलं नाही, आणि ज्याला साधं मीठ अडवता येत नाही त्या कंपनीला सुचलं होतं. सातव्या ईमेलमध्ये मी हे प्रांजळपणे लिहिलंय. सोबत सुटा प्लॅस्टिकचा गिअर पुन्हा मागितलाय, कारण फ्यूज सुटाच विकायचा असतो.

बाकी मशीनबद्दल थोडक्यात. फ्रेम दणकट, गंज नाही. ब्रेक चांगला, पण एकदम ढिला करू नका. मी पहिल्याच दिवशी केला, गोळा दगडासारखा गेला, तारेचा गुंता झाला आणि उलटं फिरणारं हँडल माझ्या बोटांच्या सांध्यांवर असं बसलं की पंधरा दिवस मूठ वळत नव्हती. क्लिपची पकड सैल ठेवा, नाहीतर लहान मासा लागलेला कळतच नाही आणि तुम्ही त्याला तासभर फिरवत बसता.

इकडे सोसायटीतले विचारतात, काका, गंगापूर धरणात लावा की. पहिली गोष्ट, धरणातल्या मासेमारीचे ठेके असतात, मनाला येईल तशी बोट घेऊन जाता येत नाही. दुसरी, खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असले तर साडेपाच किलो शिसं पहिल्याच फेरीत जाईल. अजून एका गोळ्याचं दुःख मला नको.

साठ डॉलर दिलेले नाहीत. चिरंजीवांना सांगितलं, तार काढ, जाड विणलेली दोरी घाल आणि दर दहा फुटांना आईच्या शिवणाच्या डब्यातला रंगीत दोरा गुंडाळ. डबा तिकडेच राहिलाय. दहाला पांढरा, पन्नासला हिरवा, शंभरला लाल. शेजारच्या बोटीवरचे पुन्हा हसले म्हणे.

परवा फोटो आला. ७१ सेंटीमीटरचा चिनूक, हिरड्या काळ्याभोर. मागे मशीन, काउंटर तसंच मोडकं, पुन्हा ८७ वरच थांबलेलं. मी विचारलं, किती फुटांवर लागला?

"हिरव्या दोऱ्यानंतर दोन पांढरे, बाबा."