पहिली कथा: दिवाळी अंकाला की मासिकाला?

दारव्ह्याकडच्या आमच्या एका पुतणीची कथा लिहून तयार आहे. पाठवायची कुठे, इथं ती अडली आहे. तिच्यासाठी लिहितो.

आधी वेळ. दिवाळी अंकाला कथा जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीच्या धांदलीत द्यावी लागते. कापूस वेचताना सुचलेली कथा मग पुढच्या वर्षावर जाते. मासिक-त्रैमासिकाला कधीही पाठव.

उत्तराच्या बाबतीत मासिकच बरं. माझी पहिली कथा एका दिवाळी अंकाकडे गेली. ना छापली, ना परत आली. दुसरी एका त्रैमासिकाला पाठवली, सोबत तिकीट लावलेलं, माझा पत्ता लिहिलेलं पाकीट. चार महिन्यांनी साभार परत आली, पण तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘कथा इथून सुरू होते.’ आधीची दोन पानं मी त्याच रात्री काढून टाकली. अजून पहिला खर्डा झाला की मी तिसरं पान आधी बघतो.

वाचक दिवाळी अंकाला जास्त. १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची ही परंपरा, वाचनालयात अंक हातोहात फिरतो. मानधन मात्र दोन्हीकडे गृहीत धरू नको. युनिकोडमध्ये टाइप करून ईमेल केलीस तर खर्चही सारखाच. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी.

कथा कच्ची वाटत असेल, वऱ्हाडी बोली कितपत ठेवावी हे समजून घ्यायचं असेल, तर मासिक; विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आधी वाचून बघ. दोन-तीनदा घासूनपुसून झाली असेल आणि गावानं वाचावी असं वाटत असेल, तर दिवाळी अंक, जुलै संपायच्या आत.