नंबरपॅडची बटणं बदलायची आहेत: रजिस्ट्री, पॉवरटॉइज, ऑटोहॉटकी की फर्मवेअर?

नंबरपॅडवर साधारण १७ बटणं असतात आणि बहुतेकांना त्यातली दोन-तीनच बदलायची असतात. आकडे भरताना उणेच्या जागी बॅकस्पेस हवा असतो, भागाकाराच्या जागी टॅब, नाहीतर गुणाकारावर एकदम दोन शून्यं. विंडोजवर यासाठी चार मार्ग आहेत: रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही), पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टचा साधनसंच), ऑटोहॉटकी (बटणांना कामं नेमून देणाऱ्या स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि फर्मवेअर (कीबोर्डच्या चिपमधलाच प्रोग्रॅम). त्यातला कोणता घ्यायचा, हे एका प्रश्नावरून ठरवा: बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या वाटेत बदल कुठे व्हायला हवा? कीबोर्डच्या आतच, विंडोजच्या गाभ्यात, की वर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये?

आधी नमलॉक

निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. नंबरपॅडचं ७ दाबलं की विंडोजला स्कॅनकोड (त्या बटणाचा ठरलेला क्रमांक) मिळतो ४७. नमलॉक चालू असो वा बंद, कोड तोच. त्याचा अर्थ ‘७’ घ्यायचा की ‘होम’, हे विंडोज पुढच्या टप्प्यावर ठरवतं. त्यामुळे स्कॅनकोडच्या पातळीवर केलेला बदल दोन्ही अवस्थांत लागू होतो, आणि त्याच्या पुढे केलेला बदल एकाच अवस्थेत. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ असं झालं, तर सेटिंग उचकण्याआधी नमलॉकचा दिवा बघा.

शिफ्टचीही एक गंमत आहे. नमलॉक चालू असताना शिफ्ट धरून ७ दाबलं, तर विंडोज क्षणभर शिफ्ट सोडल्याचं भासवतं आणि ‘होम’ पाठवतं. म्हणून ‘शिफ्ट + नंबरपॅड ७’ असा शॉर्टकट ऑटोहॉटकीत लिहिला तरी तो लागत नाही. तो ‘नमपॅडहोम’ या नावावर लिहावा लागतो.

अधिक, उणे, गुणाकार, भागाकार आणि एंटर या पाच बटणांना नमलॉकचं सोयरसुतक नाही. बदल करायचाच असेल तर सुरुवात यांच्यापासून करावी. आकड्यांची बटणं शक्यतो तशीच ठेवावीत, कारण ऑल्ट धरून कोड टाकायची सोय (ऑल्ट + ०१७६ म्हणजे अंशाचं चिन्ह) फक्त नंबरपॅडच्या आकड्यांवर चालते.

चारही मार्ग शेजारी-शेजारी

| | मजकूर किंवा मॅक्रो (एका बटणावर अनेक क्रिया) | लॉगिन पडद्यावर | वेगळा पॅड ओळखतो? |
|---|---|---|---|
| रजिस्ट्री | नाही | चालतं | नाही |
| पॉवरटॉइज | मजकूर हो | नाही | नाही |
| ऑटोहॉटकी | दोन्ही | नाही | एकट्याने नाही |
| फर्मवेअर | दोन्ही | चालतं | बदल पॅडमध्येच असतो |

रजिस्ट्री: एका बटणाच्या जागी दुसरं, बस

पार्श्वभूमीला काहीही चालू ठेवावं लागत नाही, हा याचा मोठा फायदा. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनखाली सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल आणि मग ‘कीबोर्ड लेआउट’ इथे जायचं. शेजारीच ‘कीबोर्ड लेआउट्स’ नावाचा अनेकवचनी फोल्डर आहे. घाईत त्यात शिरलात तर काहीच होणार नाही आणि कारणही कळणार नाही. तिथे ‘स्कॅनकोड मॅप’ (मध्ये मोकळी जागा सोडून, इंग्रजी लिपीत) या नावाची बायनरी नोंद तयार करायची.

समजा, नंबरपॅडच्या दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम हवा आहे. बिंदूचा कोड ५३, स्वल्पविरामाचा ३३. नोंद अशी होते: आधी आठ वेळा ००, मग ०२ ०० ०० ००, मग ३३ ०० ५३ ००, शेवटी चार वेळा ००. एकूण २० बाइट. चुका दोनच ठिकाणी होतात. एक म्हणजे ०२ हा आकडा बदलांची संख्या नसून संख्येपेक्षा एकने जास्त असतो, कारण शेवटची शून्यांची ओळही मोजली जाते. दुसरं, जोडीत आधी ‘काय हवं’ आणि मग ‘कोणतं बटण’ असा उलटा क्रम असतो. हे हाताने लिहायचा कंटाळा असेल तर शार्पकीज हे छोटं साधन हीच नोंद यादीतून निवडून लिहून देतं.

यासाठी ॲडमिन अधिकार लागतात आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. बदल त्या संगणकावरच्या सर्व वापरकर्त्यांना आणि सर्व कीबोर्डांना लागू होतो, लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा. नंबरपॅडवरून पिन टाकायची सवय असेल तर हे आठवणीत ठेवा. वरच्या ओळीतल्या आकड्यांचे कोड वेगळे असल्याने तिथून पिन टाकता येतो. नको झालं की नोंद पुसून रीस्टार्ट करायचं.

पॉवरटॉइज: कोड लिहायचा नसेल त्यांच्यासाठी

मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये दोन रकाने भरले की काम झालं, रीस्टार्ट नको. बटणावर मजकूरही ठेवता येतो. पण पॉवरटॉइज चालू असेल तोवरच हे चालतं. नमलॉक बंद झाला तर ‘नमपॅड ७’वर केलेला बदल गायब होतो. ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत बदल हवा असेल, तर पॉवरटॉइजही ॲडमिन म्हणून चालवावं लागतं. दोन-तीन बटणं बदलून बघायची असतील तर इथूनच सुरुवात करा. पटलं तर पुढे जा.

ऑटोहॉटकी: खरी ताकद इथे

एका ओळीत बटणाचं नाव, मग जोडून दोन अपूर्णविराम (::), मग करायचं काम. दोन शून्यांचं बटण एवढ्यात होतं. शिवाय अट घालता येते: उणेचं बटण एक्सेलमध्ये बॅकस्पेस आणि बाकी सगळीकडे उणेच. रोज तासन्‌तास आकडे भरणाऱ्याला ही एकच सोय या मार्गाकडे वळवायला पुरेशी आहे.

इथला एक बारकावा फार जणांना छळतो. ‘हे बटण म्हणजे ते बटण’ अशी थेट अदलाबदल लिहिली, तर ती कंट्रोल, ऑल्ट, शिफ्टसकट लागू होते. ‘हे दाबलं की अमुक पाठव’ अशी सेंड आज्ञा लिहिली, तर ती बटण एकटं दाबल्यावरच चालते. म्हणजे आकड्यांना हात लावूनही ऑल्ट-कोड वाचवायचे असतील तर दुसरा प्रकार वापरा. जुन्या लेखांतून उचललेली स्क्रिप्ट चूक दाखवत असेल, तर ती बहुधा आवृत्ती १ ची असते. आवृत्ती २ ची वाक्यरचना वेगळी आहे. संगणक सुरू होताच स्क्रिप्ट चालावी म्हणून तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा. ॲडमिन खिडक्यांची अडचण इथेही तीच, आणि काही ऑनलाइन खेळांच्या फसवणूकविरोधी यंत्रणा ऑटोहॉटकी चालू असलेलं खपवून घेत नाहीत.

फर्मवेअर: बदल पॅडसोबत फिरतो

क्यूएमके फर्मवेअर असलेला, व्हाया या साधनाने बदलता येणारा वेगळा नंबरपॅड घेतला, तर बदल त्याच्याच चिपमध्ये राहतो. कुठल्याही संगणकाला, अगदी बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) तो तसाच चालतो. कार्यालयाच्या संगणकावर काही टाकायची मुभा नसेल तर हाच मार्ग उरतो. व्हायात सहसा चार थर मिळतात: एक बटण धरून ठेवलं की बाकी सगळ्यांचे अर्थ बदलतात.

नमलॉकची कटकट कायमची संपवायची असेल तर पॅडवर नंबरपॅडचे आकडे न ठेवता वरच्या ओळीतले आकडे ठेवा. मग नमलॉक काहीही असो, आकडेच उमटतात. बदल्यात ऑल्ट-कोड गमावता. मोठी कामं हवी असतील तर पॅडवर एफ१३ ते एफ२४ ठेवा. विंडोज ही बटणं ओळखतं, नेहमीच्या कीबोर्डवर ती नसल्यामुळे कशाशी टक्कर होत नाही, आणि पुढचं काम ऑटोहॉटकीला देता येतं. दोन नंबरपॅड असताना एकालाच वेगळं वागवायचं असेल, तर मला हीच जोडी सर्वांत भरवशाची वाटते.

लिनक्स आणि मॅकवाल्यांना हा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही: लिनक्सवरचं कीडी आणि मॅकवरचं काराबिनर-एलिमेंट्स ही दोन्ही साधनं ठरावीक उपकरणापुरता बदल करू देतात.

पॅड विकत घेताना दोन गोष्टी तपासा. ‘प्रोग्रॅम करता येतो’ असं लिहिलेल्या अनेक पॅडमध्ये सेटिंग पॅडमध्ये न राहता कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये राहतं. तसं असेल तर संगणक बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं. दुसरं, शून्य, अधिक आणि एंटर ही बटणं दुप्पट आकाराची आहेत की सुटी, हे पाहा. सुटी असतील तर तीन बटणं जास्त मिळतात, पण न बघता आकडे टाकणाऱ्याचा अंगठा शून्यावर चुकतो.