स्टार नीलम: खाणीतला की कारखान्यातला?

भाची सांगलीच्या सराफ कट्ट्यावर स्टार नीलमच्या, म्हणजे उजेडात चांदणी उमटणाऱ्या नीलमच्या, दोन अंगठ्या बघून आली: एकीत खाणीतला खडा, दुसरीत कारखान्यात बनवलेला. "मामा, चांदणी दोन्हींत सहा किरणांचीच, मग किमतीत एवढा फरक का?" संध्याकाळी तिच्यासोबत गेलो आणि दोन्ही खडे मोबाइलच्या बॅटरीखाली धरले.

आधी सौंदर्य, कारण माझ्या मते खरा निवाडा तिथेच होतो. खाणीतला खडा राखाडीकडे झुकणारा निळा, चांदणी मऊ, एक किरण जरासा वाकडा. खडा हलवला की चांदणी उजेडामागे संथ सरकते, जणू खोल पाण्यात काही तरंगतंय. दगडात रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया तीन दिशांना पसरलेल्या असतात, त्यांच्यावरून उजेड परतून ही चांदणी उमटते. कारखान्यातल्या खड्यातही रुटाइलच. लिंडे या अमेरिकन कंपनीने १९४७ मध्ये असे खडे बाजारात आणले. पण तिथली चांदणी कडेपासून कडेपर्यंत रेखीव, पेनाने वर काढल्यासारखी. मला ती दोन मिनिटांत पुरे झाली.

टिकाऊपणात फरक नाही, कठीणपणा दोन्हींचा मोह्सच्या मापावर दहापैकी ९.

किमतीत मात्र जमीन-अस्मान. खाणीतल्या खड्याला प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागाच. नुसत्या डोळ्यांनीही खालची बाजू बघा: खाणीतल्याची बहुधा खडबडीत, कारखान्यातल्याची सपाट, गुळगुळीत.

रोज घालायला, हौसेला, कमी पैशांत हवी असेल तर कारखान्यातली खुशाल घ्या, फक्त बिलावर 'कृत्रिम' लिहून घ्या. एकच अंगठी आयुष्यभर न्याहाळायची असेल, तर थांबा, पैसे साठवा आणि खाणीतला घ्या. भाची थांबतेय.