तीन मापांच्या तीन बाँग : आठ महिन्यांनंतर

पहिली बाँग, म्हणजे गांजाचा धूर पाण्यातून ओढायची काचेची उभी नळी, घेताना मी उंचीवर भाळलो. ४५ सेंटिमीटर, खाली फुगीर बूड, जाड काच. टेबलावर उभी केली की खोलीत दुसरं काही दिसायचंच नाही. महिनाभरात कळलं की दिसणं वेगळं आणि ओढणं वेगळं. मग वैतागून १८ सेंटिमीटरची पिटुकली घेतली. तिनेही छळलं तेव्हा ३० ची आणली. आज तिन्ही घरात आहेत, पण हात जातो तो एकीकडेच. (गांजा आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी. मी राहतो तिथे तो कायदेशीर आहे. जिथे नाही तिथल्यांनी हे नुसतं वाचून सोडून द्यावं.)

मोठीचा त्रास असा, की धूर एका दमात संपतच नाही. वाटी (गांजा भरायचं बाजूचं छोटं भांडं) पेटवायची, ओढायचं, नळी दुधासारखी पांढरी होते, बघायला छान वाटतं. मग वाटी उचलून उरलेला धूर आत घ्यायचा, तर छाती अर्ध्यातच भरलेली. मागे राहिलेला धूर मिनिटभर नळीत पडून राहतो, शिळा होतो, आणि दुसरा झुरका त्या शिळ्या धुरासकट घशाखाली जातो. ठसका लागतो तो तेव्हा. पहिले काही आठवडे मला वाटत होतं की माझीच सवय कमी पडतेय.

शेवटी एका रविवारी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेतलं आणि तिन्ही बाँग काठोकाठ पाण्याने भरून मोजल्या. मोठीत १४०० मिलिलिटर मावलं. त्यातलं ३५० रोजचं पाणी वजा केलं, तर धुराला जागा १०५० मिलिलिटर. मधलीत ८५० मधून २५० गेले, उरले ६००. पिटुकलीत जेमतेम २००. आता हिशेब बघा. नळी धुराने भरेपर्यंत तिच्यातली साधी हवा आधी आपल्याच छातीत जाते. म्हणजे १०५० भरायला आणि १०५० काढायला, दोन लिटरच्या वर एकाच श्वासात. मोठ्या माणसाचा छाती फुटेस्तोवर घेतलेला श्वास साधारण अडीच ते साडेतीन लिटरचा असतो. दमलेल्या संध्याकाळी तो एवढा निघत नाही, माझा तर नाहीच. मधलीला सव्वा लिटर पुरतो, तो सहज निघतो.

म्हणून उंचीपेक्षा पोट किती हे विचारा. रुंदी तर उंचीहून जास्त फसवते: उंची दुप्पट केली तर आतली जागा दुप्पट, पण आतला व्यास दुप्पट केला तर चौपट. ५ सेंटिमीटर व्यासाची ३० सेंटिमीटर उंच सरळ नळी घेतली, तर जवळपास ५९० मिलिलिटर भरतात. घ्यायच्या आधी हा एवढा गुणाकार कागदावर करा.

पिटुकलीचं दुखणं उलटं. धूर एका झटक्यात संपतो, पण गरमच येतो, आणि पाणी आणि ओठ यांत अंतर एवढं कमी की जरा जोर लावला की घोटभर ते घाणेरडं पाणी जिभेवर. त्याची चव सांगत नाही. वाटीतला धूर पाण्यात नेणाऱ्या आतल्या नळीच्या फटी पाण्याखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच ठेवल्या तर उडणं थांबतं. पण भांडंच लहान, चमचाभर पाणी इकडेतिकडे झालं की एकतर तोंडात येतं, नाहीतर बुडबुडेच येत नाहीत. प्रवासाला ठीक, बाकी कपाटात.

दुसरं माप लोक विसरतात ते सांध्याचं, म्हणजे वाटी जिथे बसते त्या तोंडाचं. १०, १४ आणि १८ मिलिमीटर ही तीन चालतात, वर नर-मादी (नर आत शिरतो, मादी त्याला आत घेते) हा प्रकार वेगळा. माझ्या मोठीला १८ चा मादी सांधा, आणि मी हौसेने वाटी आणली १४ ची. ती सरळ आत घसरली आणि पाण्यात बुडुक! विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, कारण ‘वापरलेली’. मधे लावायचा जोड मिळतो, पण जितके जोड तितकी हवा गळायची जागा. मधली आणताना १४ चा सांधा बघूनच घेतली. आतली काचेची नळी फुटली तर नवी मागवताना सांध्याच्या खालच्या काठापासून टोकापर्यंतची लांबी मोजा. पूर्ण नळी मोजली तर येणारी लांब निघते आणि बुडाला टेकते. हे मी पैसे घालवून शिकलो.

पाण्याबद्दल एक गोड गैरसमज माझाही होता, की लांब नळी आणि जास्त पाणी म्हणजे धूर ‘स्वच्छ’. धूर गार होतो, राख अडकते, एवढं खरं. पण अमेरिकेत १९९६ साली मॅप्स (नशेच्या द्रव्यांवर संशोधन करवणारी संस्था) आणि कॅलिफोर्निया नॉर्मल (गांजा कायदेशीर व्हावा म्हणून झटणारी संस्था) यांनी करवून घेतलेल्या चाचणीत उलटंच दिसलं: पाण्याच्या नळ्यांतून येणाऱ्या धुरात, टीएचसीच्या (गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या) मानाने डांबर (टार) साध्या सिगारेटवजा गुंडाळीपेक्षा कमी नव्हतं. शिवाय घशाला गार लागतं म्हणून माणूस जास्त ओढतो, हे मी स्वतःवरच पाहिलं. धूर छातीत कोंडून धरायची सवयही सोडली. १९८९ च्या एका प्रयोगात दम धरल्याने नशेत फारसा फरक पडला नव्हता. आणि २०२२ च्या, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीनंतर खोलीत दुसरं माणूस असताना मी पेटवत नाही. बाँगमुळे हवेत साठलेले बारीक कण तंबाखूच्या सिगारेटपेक्षा चौपट निघाले होते. आमच्या हिने हे वाचून दाखवलं, मग वाद कसला घालणार.

साफसफाईत मोठी सपशेल नापास. नळाखाली मावत नाही, आडवी धरावी लागते, आणि असंच एकदा तोटीला लागून तिच्या काठाचा टवका उडाला. जाड काच होती, तरीही. मधलीला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मूठभर जाडं मीठ, भोकांना बुचं लावून दोन मिनिटं खळखळ हलवायची, मग भरपूर पाण्याने विसळायची. तपकिरी राळ सुटून येते. गार काचेत एकदम उकळतं पाणी मात्र ओतू नका. पाणी प्रत्येक वापरानंतर फेकतो. रात्रभर ठेवलं की काचेला बुळबुळीत थर धरतो, बोट फिरवलं तर कळतं.

मधलीबद्दल तक्रार एकच. तिच्याबरोबर आलेली वाटी फार खोल आहे. एका श्वासात अर्धीच जळते आणि बाकीची वाया धुमसत राहते. त्या १४ च्या वाटीची आठवण झाली, जी परत घेतली नव्हती. ती उथळ होती. कपाटातून शोधून धुऊन बसवली, आणि गेले तीन महिने तीच चालू आहे.