'नुकतंच नूतनीकरण झालेलं' जुनं घर: फसवणूक कुठे दडलेली असते

शहराच्या मध्यवस्तीतलं शंभरेक वर्षांचं घर. उंच छत, जाड विटांच्या भिंती, लाकडी जिना, छताच्या कडेनं नक्षीची पट्टी. जाहिरातीत 'जुना डौल, आधुनिक सोयी, नुकतंच संपूर्ण नूतनीकरण'. घेणाऱ्या कुटुंबानं घर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा भर दुपारी, एजंटनं दिलेल्या वेळेला. भिंती कोरड्या, रंग ताजा, सगळे दिवे लागत होते. दुसऱ्याच भेटीत विसार दिला गेला, कारण 'आणखी एक गिऱ्हाईक तयार आहे' असं सांगितलं होतं.

वर्षाच्या आत तीन गोष्टी उघड झाल्या. तळमजल्याच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला तपकिरी पट्टा उमटला आणि रंगाचे पोपडे पडू लागले. वरच्या मजल्याची लाकडी जमीन मधोमध खचू लागली. आणि नव्या चकचकीत स्विचबोर्डांमागे जुन्याच वायरी निघाल्या. तिन्ही दोष विक्रीच्या आधीपासून होते, आणि तिन्ही मुद्दाम झाकलेले होते. हीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. जुन्या घरातलं जे खरोखर जुनं आहे, ते बहुतेक वेळा आपली अवस्था उघड दाखवतं. घात करतं ते गेल्या वर्षा-दोन वर्षांत झालेलं काम. त्यामुळे 'घर किती जुनं?' यापेक्षा 'शेवटचं काम कधी झालं, कोणी केलं, आणि त्याच्या आधीचे फोटो कुठे आहेत?' हे विचारा.

सगळ्यात जास्त फसवणूक ओलीच्या बाबतीत होते. जुन्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. जमिनीतून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत निघून जाते. विकणारा काय करतो? खालचा साधारण मीटरभर जुना गिलावा काढून तिथे पाणीरोधक सिमेंटचा गिलावा करतो आणि वर प्लास्टिक पेंट मारतो. काही महिने भिंत ठणठणीत दिसते. पण आत अडकलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढतं. या घरात पट्टा नेमका कमरेला उमटला तो म्हणूनच. सोबत विरघळलेले क्षार येतात, पाणी सुकलं की त्यांचे स्फटिक होतात आणि ते गिलावा, पुढे पुढे विटाही, पोखरून टाकतात.

हे आधी कळलं असतं का? हो, दहा मिनिटांत. बोटाच्या पेरानं भिंत जमिनीपासून वरपर्यंत ठोकत जा. चुन्याच्या गिलाव्याचा आवाज मऊ येतो, सिमेंटचा टणक, सुटलेल्या गिलाव्याचा पोकळ. एका ठरावीक उंचीवर आवाज एकदम बदलत असेल आणि प्रत्येक खोलीत तीच उंची असेल, तर समजून घ्या. मग मेन स्विच बंद करायला लावून जमिनीजवळच्या एखाद्या सॉकेटची पट्टी वायरमनकडून काढून घ्या. कापलेल्या कडेला गिलाव्याचा रंग दिसतो: चुना पांढरट आणि ठिसूळ, सिमेंट करडं आणि कडक.

याहून बेरकी प्रकार म्हणजे ओल्या भिंतीपुढे सांगाडा उभा करून जिप्सम बोर्ड मारणं. ओल मोजायचं सुयांचं मीटर त्यावर 'कोरडं' दाखवतं, कारण सुया बोर्डाच्या पलीकडे पोचतच नाहीत. एजंट मीटर हातात घेऊन आकडा दाखवत असेल तर त्यावर विसंबू नका. हे मीटर मुळात लाकडासाठी आखलेलं असतं. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल असेल तर ते कुजायचा धोका असतो. विटांच्या भिंतीवर मात्र तो आकडा फक्त एका जागेची दुसरीशी तुलना करायला चालतो, आणि भिंतीत क्षार असतील तर उगाच वर जातो. बोर्ड ओळखायची खूण छताकडे असते. तिथली नक्षीची पट्टी इतर तीन भिंतींवर पूर्ण दिसते आणि चौथीत अर्धी गडप झालेली असते. खिडकीचा कोनाडाही त्या भिंतीत जास्त खोल दिसतो.

बाहेरून जोतं पाहायला विसरू नका. फरशी किंवा माती वाढत वाढत जोत्यावरच्या ओलरोधक थरापर्यंत आली असेल तर आतल्या कुठल्याही रंगानं ओल थांबणार नाही. बाहेरची पातळी त्या थराच्या निदान १५० मिलिमीटर खाली हवी. लाकडी जमिनीखालच्या हवेच्या जाळ्या बुजवल्या असतील तर तुळयांची टोकं आतून कुजत असण्याची शक्यता मोठी.

आता खचलेली जमीन. खालच्या दोन लहान खोल्यांमधली भिंत काढून एक मोठा हॉल केला होता. जाहिरातीतलं सगळ्यात देखणं छायाचित्र त्याच हॉलचं होतं. पण वरच्या तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या होत्या, आणि तिच्या जागी घातलेली तुळई तेवढं वजन पेलणारी नव्हती. कुठली भिंत भार घेते याचा पहिला अंदाज वरच्या मजल्याच्या फळ्यांवरून येतो. फळ्या तुळयांना आडव्या ठोकलेल्या असतात, म्हणजे खिळ्यांच्या रांगा तुळयांची दिशा सांगतात. खालची भिंत त्या दिशेला आडवी असेल तर ती भार घेत असणार असं धरूनच चाला. काढलेल्या भिंतीची खूणही राहते: छताची पट्टी मध्येच तुटलेली किंवा फरशीत वेगळ्या रंगाचा एक पट्टा. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनियरची आकडेमोड आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी, दोन्ही कागद मागा. 'मिस्त्रीनं केलंय, चांगला अनुभवी होता' हे उत्तर चालवून घेऊ नका.

जुन्या घराची जमीन थोडी उतरती असणं यात भिण्यासारखं काही नाही. ती अजून हलते आहे का, हे महत्त्वाचं. भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी उताराप्रमाणे कापून बसवली असेल तर उतार जुना आणि स्थिरावलेला. पट्टीखाली फट पडली असेल आणि फटीत न रंगवलेलं स्वच्छ लाकूड दिसत असेल, तर हालचाल ताजी आहे. तसंच दारांचं. दाराची वरची कड एका बाजूला रंधलेली असली की चौकट वाकडी झाल्यावर दार तासून बसवलंय हे कळतं. त्या कडेवर जुन्या रंगाचे थर असतील तर गोष्ट जुनी. कोरं लाकूड असेल तर अलीकडची.

भेगांचंही असंच बघा. केसाएवढ्या भेगा जुन्या गिलाव्यात असतातच. ५ मिलिमीटरच्या वरची, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लिंपलेली भेग बॅटरीचा उजेड भिंतीला घासून सोडला की दिसते.

वायरिंगमधली फसवणूक तर जिवावर बेतणारी आहे. बोर्ड नवा, एमसीबी नवे, तीन पिनांचे सॉकेट नवे, आणि भिंतीत दोनच तारांची जुनी रबरी वेष्टनाची वायर, जिचं वेष्टन हात लावताच झडतं. अर्थिंगची तार नाहीच. ते लपवण्यासाठी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तुकड्यानं जोडून टाकतात. साधा तीन दिव्यांचा टेस्टर लावला की तो 'सगळं ठीक' दाखवतो. पण वाटेत न्यूट्रल तुटला की यंत्राचं धातूचं अंग थेट विजेनं भारलं जातं. सॉकेट उघडून बघणं आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं वेष्टन तपासायच्या यंत्रानं) प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजणं, याला पर्याय नाही. १ मेगओहमच्या खाली आकडा आला तर ती वायर बदलण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या किंवा घर सोडा.

नळ पटकन तपासता येतात. दोन-तीन नळ एकदम सोडा. धार लगेच बारीक झाली तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असू शकतात. मुख्य पाइप करडा, मऊ, चुंबकाला न चिकटणारा आणि खरवडल्यावर चांदीसारखा चमकणारा असेल तर तो शिशाचा आहे. ते पाणी पिऊ नये. सांडपाण्याच्या मातीच्या नळांत झाडांची मुळं शिरतात, त्यासाठी कॅमेरा घालूनच तपासणी होते.

'मूळ' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचाही स्वतंत्र भाव लावला जातो, म्हणून त्यांची पारख करा. जुन्या काचेतून पाहताना बाहेरची सरळ रेघ किंचित लहरते. फ्लोट काच, म्हणजे आजची नेहमीची खिडकीची काच, १९५९ नंतरची, ती सपाट असते. दाराच्या बिजागरीत फुलीच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स, स्क्रू असतील तर निदान ते स्क्रू १९३० च्या दशकाआधीचे नाहीत, कारण फिलिप्स स्क्रूची पेटंट १९३६ ची आहेत. नक्षीच्या खोल खाचांत रंगाचे अनेक थर साठलेले हवेत. एकच ताजा थर आणि ठोकल्यावर हलका आवाज आला तर ती फोमची पट्टी आहे. पण खरे जुने थर सापडले तर कोरडे खरवडू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक असते.

विकणाऱ्यानं दिलेला तपासणी अहवाल शेवटून वाचायला घ्या. 'पोटमाळ्यात जाता आलं नाही', 'जमिनीखालचा भाग पाहिला नाही', 'फर्निचर हलवलं नाही' अशी वाक्यं तिथे असतात. या घराच्या अहवालात या तिन्ही गोष्टी होत्या. म्हणजे जिथे दोष होते नेमकी तीच जागा पाहिलेली नव्हती. तपासणारा तुम्ही निवडा, पैसे तुम्ही द्या, आणि एजंटनं सुचवलेलं नाव घेऊ नका. एक भेट पावसात किंवा पाऊस थांबल्या थांबल्या, एक रात्री, आणि कपाटं, गालिचे हलवायची परवानगी आधी मागून. परवानगी नाकारली तर तेही उत्तरच आहे.

विसाराच्या कागदावर हे लिहून घ्या: स्वतंत्र तपासणीत बांधकाम, ओल किंवा वायरिंगचा दोष निघाला तर ठरलेल्या दिवसांत पूर्ण विसार परत. ओल, भिंती काढणं, वायरिंग आणि परवानग्या यांबद्दलचे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखी घ्या.

आणि फसवणूक झालीच असेल, तर दुरुस्तीला घाईनं हात घालू नका. जाहिरातीची, छायाचित्रांची, संदेशांची प्रत आधी जपून ठेवा. भिंत फोडताना प्रत्येक थराचे मोजपट्टी ठेवून तारखेसह फोटो काढा, सिमेंटच्या गिलाव्याचा आणि जुन्या वायरीचा तुकडा वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि स्वतंत्र इंजिनियरकडून हे काम विक्रीच्या आधीचं आहे का याचा लेखी अभिप्राय घेऊन मगच वकिलाकडे जा. दावा करायला कायद्यानं मुदत असते, तेव्हा हे काम दोष दिसल्याच्या आठवड्यातच सुरू करा.